दोन्हीकडचं मागणं

७८६
सोलापूर, ८ जानेवारी २०२५

ती. खैरुन आपा यांस, दस्तगीरचा सलाम. वि. वि.

फोनवर डोळ्याचा विषय काढला की नेमकी तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम दुकानाच्या पाटीएवढं काढलंय. इकडे सर्व खुशाल. थंडीमुळे चादरींना गिऱ्हाईक बरं आहे. तुझी भावजय मदिना सलाम सांगते.

आपा, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय आणि आणखी थांबलं तर नजर परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. पण ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, डोकं खाली घालायचं नाही, एवढं ऐकलंस आणि पदर सावरून उठलीस ती थेट माढ्याच्या एसटीत. तुझं म्हणणं काय, तर नमाजेत जमिनीला कपाळ टेकायचं, तो सजदाच सोडून मिळवलेला डोळा कशाला हवा. परवा शेजारच्या केराबाईंनी ओढलं नसतं तर उकळत्या डाळीत तुझा हात गेला होता. हे मला त्यांच्याकडून कळावं?

आमच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, आजारी माणसानं बसून, मान जराशी हलवून नमाज पढली तरी ती पुरी होते. तरीही तुझं समाधान नसेल तर एक तोड काढतो. तेवढे दिवस तुझे सजदे मी करतो. फक्त शुक्रवारी मशिदीत दिसणारा तुझा भाऊ पाचही वेळ जाईल. मग तर झालं?

लोभ आहेच, वर थोडा राग आला तरी चालेल.

तुझा,
दस्तगीर


७८६
माढा, १५ जानेवारी २०२५

चि. दस्तगीर यास आपाचे अ. उ. आ. व दुवा.

पत्र पोचलं. भिंग लावून वाचलं. अरे शहाण्या, मी जेवले तर तुझं पोट भरतं का? हा सौदा मौलानांच्या कानावर घातलास का नाही?

आता खरं सांगते. अम्मीनं आपल्याला शिकवलेली दुवा तुला आठवत असेल, रब्बना आतिना. तिच्यात आधी या दुनियेतलं भलं मागायचं आणि मग आखिरतचं, मेल्यानंतरचं. तुझे दुल्हेभाई अंथरुणाला खिळले तेव्हा मी दुनियेतलं खूप मागितलं, घसा कोरडा पडेपर्यंत. नाही मिळालं, ते गेलेच. तेव्हापासून तो अर्धा भाग माझ्या तोंडून नुसता निघतो, मनातून मागत नाही मी. मागून रिकामं परतायचं, त्यापेक्षा न मागितलेलं बरं. माझा म्हणून एक सजदा उरलाय, आणि तुम्ही तोही सोडा म्हणता.

केराबाई रोज डोकं खाते. म्हणते की, "आपा, डोळं बी त्येनंच दिल्यात की, मग त्ये राखायला नकोत व्हय?" शेवटी काल पिशवी भरून ठेवली.

रविवारी ये. पण मी तयार झाले असं गावभर सांगत सुटू नकोस.

मदिनाला आणि लेकरांना दुवा. माया आहे तेवढी पुरे, सल्ले कमी कर.

तुझी,
आपा


७८६
सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. आपा यांस सलाम. वि. वि.

डोळ्यात औषध वेळेवर घालतेस ना? आणि ऑपरेशननंतर आमच्याकडे होतीस तेव्हाचा चादरींचा उद्योग तिकडे पुन्हा करू नकोस. वाकायचं नाही म्हणून तू माझ्या गठ्ठ्यातल्या चादरी छातीइतक्या रचल्यास आणि वर कपाळ टेकायला गेलीस. ढीग कोसळला तेव्हा मदिनाच्या काळजाचं पाणी झालं. मौलाना हसून म्हणाले की इतका खटाटोप अल्लानं मागितलेलाच नाही.

माझ्या सौद्यावर तर ते जास्तच हसले. म्हणाले, एकाची नमाज दुसऱ्याच्या नावावर लागत नाही, पण तुझी तुला पढायला कोणी अडवलंय? आता लाजेकाजेनं पाचही वेळ जातो. पहाटे फजरच्या नमाजेला उठताना तुझ्या नावानं बोटं मोडतो, परत येताना मात्र बरं वाटतं.

एक विचारायचं होतं. पट्टी निघाल्यावर तू माझ्याकडे एकटक पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. घरी येईपर्यंत चकार शब्द बोलली नाहीस. माझं काही चुकलं का?

रुसली असशील तर तसं कळव, पण कळव.

तुझा,
दस्तगीर


७८६
माढा, ११ फेब्रुवारी २०२५

चि. दस्तगीर यास अ. उ. आ. व दुवा.

रुसले नाही रे. पट्टी निघाली आणि समोर एक म्हातारा दिसला. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून लोंबतोय. आवाज आला तेव्हा कळलं की हा माझा दस्तगीर. धुरकट डोळ्याला तू अजून तरुणच दिसायचास आणि फोनवर तर तू कायम खुशाल. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि डॉक्टरांनी डोळ्याला त्रास द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं.

मग मदिनाला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, तुझं वजन उतरतंय, सारखी तहान लागते, जिना चढताना दम लागतो, आणि तपासणीचं नाव काढलं की तू दुकानाचं निमित्त सांगतोस. मला डॉक्टरपुढे बसवणारा शहाणा तो हाच का? संताप आला मला. आणि भीती वाटली, खूप.

काल इथल्याच डॉक्टरांनी डोळा तपासून सजद्याची परवानगी दिली. घरी येऊन कपाळ जमिनीला लावलं. नमाज झाल्यावर हात उचलले आणि रब्बना आतिना म्हणताना पहिल्याच शब्दांपाशी थांबले. मग इतक्या वर्षांनी दुनियेतलं मागितलं, नाव घेऊन. तुझी तब्येत मागितली. अल्लाला सांगितलं की याला अजून इथंच राहू दे, मला याची गरज आहे. मागताना मागचं मागणं आठवत होतं. तरीही मागितलं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. दुकान बंद ठेव. आपण दोघं दवाखान्यात जाऊ आणि कागदावर जे निघेल ते दोघं ऐकू. घाबरू नकोस, मी शेजारी बसते.

लोभ मागत नाही, तो आहेच. तू हवा आहेस, एवढंच मागणं.

तुझी,
आपा