सातेरी माशी आणि आमची चंद्रा

३ फेब्रुवारी १९४६, कोरेगाव
शाळेत सायन्स शिकवतो, पण स्वतःचा रिसर्च कधी झाला नाही. आजपासून करायचा. परसातल्या सातेरी मधमाश्यांची पेटी उघडली. नुकत्याच जन्मलेल्या माश्या चक्क फिकट! जुन्या काळपट. अर्थ उघड आहे. पोळ्याच्या अंधारात माशी गोरी असते, उन्हात गेली की अंगात रंगद्रव्य तयार होतं. इतकं सोपं, आणि हेडमास्तरांना माहीत नाही.

५ फेब्रुवारी
इस्लामपूरची मंडळी महिनाअखेर चंद्राला बघायला येणार. लेक गुणी, पण रंग माझ्या आईचा. शोध अगदी वेळेवर लागला. माजघराच्या खिडकीला पोती ठोकली. आता तिने बाहेर यायचं नाही. सौ. म्हणाली, आवं, पोर हाय का माशी? बायकांना थिअरी कळत नाही.

१२ फेब्रुवारी
फिकट माश्या अंधारात राहाव्यात म्हणून डबीत, डबी ट्रंकेत ठेवली होती. आज पाहिल्या तर सगळ्या काळ्या. मेलेल्यासुद्धा. उजेड कुठून तरी शिरला असणार.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
बंद कोष सुईने फोडले. काही पिल्लं पांढरीशुभ्र, काहींचे डोळे जांभळे, काहींचं अंगही काळवंडलेलं. बाहेर न पडताच! चंद्रा आतून म्हणाली, आबा, त्यांनी ऊन कवा बघितलं? तिला गप्प बसवलं. मेणाचं झाकण पातळ असतं. खिडकीला आणखी एक पोतं.

२० फेब्रुवारी
माश्या पेटी सोडून गेल्या. कृतघ्न जात. चंद्रा खोकते, जेवत नाही. पोत्यांची धूळ असेल. पण दिव्याजवळ पाहिलं, रंग नक्की उतरलाय! सौ. रडत होती. आनंदानेच.

२८ फेब्रुवारी
मंडळी आली. मुलगा मिलिटरीत, स्वतः काळाकुट्ट. चंद्राला बाहेर आणलं तर डोळे मिटून खांब धरून उभी. मुलाची आई म्हणाली, काळीसावळी आमाला चालती, आमचं पोरगं तरी कुठं गोरं हाय? पर ही पांढरीफटक पडलीया, खोकतीया. क्षय तर न्हाई? चहाला हात न लावता उठले. मुलाच्या आईने जाताना नाकाला पदर लावला. आता गावभर होणार. तरी रंग उतरला, हे परक्या माणसांनी कबूल केलं. पेपर लिहायला हरकत नाही.

१ मार्च, दुपार
चंद्राने पोती उपटून टाकली. भर उन्हात अंगणात बसली आहे. आत ये म्हणालो, मान वर केली नाही. सौ. म्हणाली, बसू द्या, आता कोन बघायला येतंय तिला? खिडकीतून डोळ्यांवर ऊन येतंय. उठून खिडकी लावावी, तर पलीकडे चंद्रा बसलेली. मला तिच्याकडे बघायची भीती वाटते.