जुन्या पिकअपला कुठलं तेल

रग्बी, नॉर्थ डकोटा
७ जानेवारी १९९६

प्रिय मार्लिस,
आशीर्वाद. तीस वर्षं तू फार्गोत गॅरेज चालवलंस, म्हणून तुलाच विचारतो. मंगळवारी थंडी शून्याखाली तीस होती. वीज गेल्यामुळे इंजिनाचा हीटर बंद पडला, आतलं तेल घट्ट झालं आणि बावीस वर्षांची आपली पिकअप खाकरून गप्प बसली. तुझ्या वहिनीचं, व्हर्नाचं डायलिसिस चुकलं, तिचे पाय टम्म सुजले. शेजारचा लॉइड म्हणतो, सिंथेटिक तेल घाल. दुकानदार म्हणतो, जुन्या इंजिनाला साधंच बरं, नाहीतर गळेल. काय करू?
तुझा दादा,
ऑर्व्हिल

फार्गो
११ जानेवारी

ती. दादाला मार्लिसचा नमस्कार.
सिंथेटिकच घाल. ते कडाक्याच्या थंडीतही वाहतं. इंजिन बिघडत नाही, पण झिजलेल्या रबरी सीलची फट मळीनंच बुजली असेल तर हे तेल ती मळी धुऊन काढेल आणि तिथून झिरपेल. झिरपू दे. खाली पुठ्ठा टाक, मापाची पट्टी काढून तेल बघत जा. एरवी मी साधंच सांगितलं असतं, पण आत्ता गाडी सुरू होणं महत्त्वाचं. आणि धाकट्या बहिणीचं ऐकल्यानं मिशी गळत नाही. वहिनीला जप.
तुझीच,
मार्लिस

रग्बी
२ फेब्रुवारी

प्रिय मार्लिस,
तेल बदललं. काल शून्याखाली चौतीस, वीज पुन्हा गेलेली, तरी दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं. थेंब पडतात, पण ते चालेल. व्हर्नाला डायलिसिसला घेऊन मी शीळ घालत निघालो. अर्ध्या वाटेत व्हर्नानं गाडी थांबवायला लावली. म्हणाली, त्या मंगळवारी गाडी सुरू झाली नाही तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. चार वर्षं सुया टोचून घेतल्या, आता पुरे.
मी ओरडलो. मग रडलो. तेलाचं मी तिघांना विचारलं, मार्लिस. तिला काय हवंय, हे एकदाही विचारलं नाही.
डॉक्टरांनी खूप समजावलं, ती ठाम आहे. फार तर दोन आठवडे, म्हणाले. तिला तुझ्याकडे यायचंय. उद्याच निघतो. हे पत्र आमच्यामागून पोचेल, म्हणून फोनही करतो. पण एवढं सगळं मला बोलता येणार नाही.
ऑर्व्हिल

फार्गो
२१ फेब्रुवारी

ती. दादा,
दफनानंतर तू एकटाच गाडी घेऊन गेलास, तेव्हा अडवायला हवं होतं. वहिनी नऊ दिवस माझ्या खिडकीशी होती. तू बाहेर गेलास की तुझ्याबद्दलच बोलायची. एकदा म्हणाली, हा उभ्या उभ्या गार सूप पितो, याला ताटावर बसवायला कुणीतरी हवं.
रविवारी सकाळच्या बसनं येते. टेबल आवरून ठेव.
मार्लिस