ताप उतरल्याची काळजी

तीर्थस्वरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. तुम्ही पाठवलेलं पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: वन्संचा वाचायचा चष्मा, लोकरीची शाल, एक चप्पल (दुसरी बहुधा रागाच्या भरात मागे राहिली) आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली, अर्धी. उरलेलं अर्धं तेल शालीने पिऊन टाकलं. तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने माझ्याकडून चौदा रुपये घेतले. ते मी मागत नाही, फक्त तुमच्या नावावर लिहून ठेवले आहेत. देवाच्या कृपेने तुमची प्रकृती ठीक असेल आणि पंखा मनासारखा फिरत असेल. आमचा नंबर बघून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. हातपाय गाळण्यासारखं काही नाही, तरी बसून वाचा.

वन्सं तुमच्याशी भांडून इथे आल्या, त्याबद्दल मी बोलणार नाही. तुम्हाला पंखा पाचावर हवा, त्यांना एकावर. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांपैकी एकालाही तीन हा आकडा सुचू नये, एवढंच नवल वाटतं. तर वन्सं आल्या आणि मागोमाग ह्यांना ताप आला. डेंग्यू निघाला. ह्यांचं कण्हणं तुम्ही ऐकलेलं आहे. साधी सर्दी झाली तरी हे गल्लीला निरोप देतात, इथे तर खरंच दुखणं. पहिल्याच दिवशी शेजारच्या शिंप्याला बोलावून आपली छत्री देऊन टाकली. (मी ती संध्याकाळी परत आणली. नवीन आहे.) वन्सं उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या आणि म्हणत होत्या, "कण्हण्याला पगार असता तर माझा भाऊ आज बंगल्यात असता." पट्ट्या ठेवता ठेवता त्यांनाही ताप चढला. पण त्या बोलल्या कुठे? मी कपाळाला हात लावला तर म्हणाल्या, "चुलीपाशी होते." आमच्याकडे चूल नाही, भाऊजी, गॅस आहे.

शेवटी दोघांनाही दवाखान्यात दोन खाटांच्या एकाच खोलीत ठेवलं. माझा अंदाज सरळ होता. जो जास्त ओरडतो तो जास्त आजारी. म्हणून फळांचा रस ह्यांना, उशी ह्यांना, देवाचा अंगारा ह्यांना, आणि वन्संना विचारायचं, "तुम्हाला काही हवं का?" त्या म्हणायच्या, "नको." विषय संपला. देवाला मी दोघांसाठी मिळून एकच मागणं घातलं होतं, की दोघांचा ताप उतरू दे, मी चहातली साखर सोडीन. (यात साखरही वाचते हे देवाच्या लक्षात आलं असणारच, पण त्याने ते मनाला लावून घेतलं नाही.) आधी ह्यांचा उतरला. परवा सकाळी वन्संचाही उतरला. देवाचं देणं मी उधारीवर ठेवत नाही. लगेच बिनसाखरेचा चहा प्यायले, तोंड वाकडं करून हात जोडले आणि पिशवी भरायला घेतली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. पोरसवदा आहेत, पण बोलणं शिक्षिकेसारखं. मी आनंदाने म्हटलं, "ताप गेला." त्या म्हणाल्या, "हो, म्हणून आता जास्त लक्ष ठेवायचं." मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. पण नाही. या दुखण्यात म्हणे ताप उतरतो तेव्हाच खरी परीक्षा असते. बहुतेक जण बरे होऊन घरी जातात, पण एखाद्याच्या शिरांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं आणि माणूस बघता बघता खालावतो. तो एखादा कोण, हे आधी खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पोट दुखतं का, उलट्या होतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, माणूस सुस्त पडतो की उगाच तळमळतो, हे बघत राहायचं. (तळमळ हे लक्षण धरलं तर मी लग्न झाल्यापासून दवाखान्यात असायला हवं होतं.) ह्यांना त्यांनी उभ्या उभ्या तपासलं आणि म्हणाल्या, "ह्यांचं छान चाललंय." ह्यांना ते अपमानासारखं लागलं. मग बाई वन्संच्या खाटेवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. पोट दाबलं तेव्हा कळलं, वन्संचं पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं. का सांगितलं नाही म्हणून विचारलं तर भावाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्याचं संपलं की सांगणार होते."

मी तशीच देवापुढे गेले. त्याने त्याचं काम चोख केलं होतं, माझं मागणंच चुकलं होतं. आधी म्हटलं, थोडासा ताप परत दे. मग भीती वाटली, हा खरंच देईल, म्हणून ते मागे घेतलं. आता साखर तर सोडून बसले, पुन्हा सोडायला काय उरलंय? शेवटी चहाच सोडते म्हटलं, पण या वेळी अट नीट घातली आहे: वन्सं घरी येईपर्यंत. सलाईन चालू आहे, रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. लघवी किती झाली तेही मोजून लिहायचं असतं. ते काम माझ्याकडे आहे आणि नर्स म्हणते, इतकं स्वच्छ कुणी लिहीत नाही. माझा मात्र खाटेपासून खिडकीपर्यंत फेऱ्यांचा रस्ता पडला आहे. वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या, "बस गं, तुझ्या चपलांनी चक्कर येते."

कळावे. लोभ असावा, आमच्यावर नसला तरी त्यांच्यावर.

ता. क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं आहे, वन्संना पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का. दुसऱ्यांदा झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो. वन्सं म्हणतात, "मला कधी काही झालं नाही." पण तुमच्या बदलीच्या गावी त्यांना मोठा ताप आला होता ना? तेव्हाचा रक्ताचा कागद सापडला तर बघा.

आणखी ता. क. कागद शोधू नका. बाईंना पुन्हा विचारलं, त्या म्हणाल्या, कळलं तर बरं, पण आता लक्ष तेवढंच ठेवायचं, औषधपाणीही तेच. उद्याचा दिवस नीट गेला की बोलू, म्हणाल्या.

शेवटचा ता. क. वन्संनी आज नर्सला सांगून पंखा पाचावर करून घेतला. तुमच्या पार्सलमधली तेलकट शाल गळ्यापर्यंत ओढून पडल्या आहेत, तरी पाचावर. मी बंद करायला उठले तर म्हणाल्या, "असू दे. आवाज नसला की झोप लागत नाही." हे मी लिहिलं असं त्यांना कळू देऊ नका. दुसरी चप्पल टपालाने पाठवू नका, हातात घेऊन या. कोणत्या गाडीने निघताय, तेवढं उलट टपाली कळवा.