उधन्यात हिरवळ सापडेना

मंगळवार, संध्याकाळ

अडाजणच्या शेठचं वडिलोपार्जित गवत कापायचं मशीन अखेर सुरू झालं. जुनं टू-स्ट्रोक, कार्बोरेटर मीच साफ केला, पात्याला धारही मीच लावली. पण आमच्या बापलेकीच्या दुरुस्तीच्या गाळ्यासमोर सगळं सिमेंट. तिथे चालतंय ते गवतात शिरल्यावर बंद पडणार नाही कशावरून? अख्ख्या उधन्यात वीतभर हिरवळ सापडेना. एका सोसायटीच्या बागेत नेलं, तर वॉचमनने हाकललं.

आबा वैतागले. "चालू व्हयनं ना, माय? मंग दी टाक!"

कसं देऊ? गवतात तपासलेलंच नाही! बंद पडलं तर नाव आबांचंच जाईल ना? शेवटी न राहवून शेठना फोन केला, खरं ते सांगितलं. म्हटलं, तुमच्याच लॉनवर तपासून देते.

आबांनी कपाळावर हात मारला. "मनी पोर येडी व्हयनी!"

शेठ फोनवर हसले. "लॉन क्यां छे, बेन? त्यां तो टाइल्स छे. मारे बस पप्पाना मशीननो अवाज सांभळवो छे."

लॉनच नाही! नुसता आवाज ऐकायचाय! मग धार लावताना माझी बोटं सोलली, ती कशासाठी? आबा अजून हसताहेत. ते गवतात चालतं की नाही, हे मात्र अजूनही कळलेलं नाही.