एक, दोन, तीनच्या पुढचे बोलणे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सभासमारंभांना माइक, लाउडस्पीकर व खुर्च्या भाड्याने देणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हृदय थकले आहे, हेही त्यांनीच सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर कोणाशी तरी भांडण झाले असते आणि दिवस बरा गेला असता.

१. घराच्या वरच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलगा आणि सून यांच्या समाईक मालकीचे राहील. खालची रस्त्याकडची खोली, जिथे आजवर आम्ही सामान ठेवले, ती एकट्या सुनेच्या नावाने करावी. या खोलीला रस्त्यावर उघडणारे स्वतंत्र दार आहे. ज्या बाईकडे लोकांनी गाऱ्हाणी घेऊन यावे, तिच्याकडे येताना त्यांची आधी तिच्या नवऱ्याशी गाठ पडू नये. "कोण पाहिजे? काय काम आहे? मला सांगा की," असे त्याने उंबऱ्यातच विचारले की अर्धे गाऱ्हाणे तिथेच विरते.

हे कशासाठी, ते सांगते. प्रभागाची निवडणूक तोंडावर आली आहे आणि माझ्या सुनेने त्या निवडणुकीला उभे राहावे, अशी माझी फार इच्छा आहे. तशी अट घालूनच खोली द्या, असे मी वकीलबाईंना म्हटले होते. त्या म्हणाल्या, "आजी, अट घातलीत तर लोक म्हणतील, खोलीसाठी उभी राहिली." पटले. म्हणून अट नाही.

२. अँप्लिफायर, दोन्ही कर्णे आणि पेटीतला चांगला माइक सुनेला द्यावा. हा धंदा माझ्या यजमानांनी सुरू केला. वायर कशी सोलायची, कर्ण्याचे तोंड कुठे वळवायचे, हे त्यांनीच मला लग्नानंतर शिकवले. सभेआधी मी व्यासपीठावर उभी राहून "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायचे आणि ते मैदानाच्या टोकाला उभे राहून, आवाज पोचला की हात वर करायचे. तो वर गेलेला हात मला अजून दिसतो. आमच्याकडच्या प्रत्येक सभेत पहिला आवाज माझा असायचा, आणि तीन म्हणून झाले की मी माइक दुसऱ्याच्या हातात द्यायचे.

एकदाच दिला नाही. प्रभागाची जाहीर सभा होती. तीन म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेले, "आणि आमच्या गल्लीत दिवे कधी लागणार? मुली शिकवणीहून अंधारात घरी येतात." समोर आमच्या प्रभागाचे कायमचे सदस्य बसले होते, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते उठले आणि हसत म्हणाले, "माइक चालू आहे बरं का, वहिनी!" सगळे मैदान हसले. टोकाला उभे असलेले यजमानही हसले, ते मला दिसले. मी माइक ठेवला आणि खाली उतरले.

सामान टेंपोत भरताना ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी तूच उभी राहा. मी आहे ना." पुढच्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्याच्या पुढच्या वेळी मुलाचे लग्न निघाले. त्याच्या पुढच्या वेळी हेच राहिले नाहीत. मला कोणी नाही म्हटले नाही. माझी वेळ मात्र दर वेळी पुढची होती. मला निवडून यायची हौस नव्हती, असे मी लोकांना सांगते. खोटे आहे ते. फार हौस होती. सभागृहात उठून उभे राहावे, अध्यक्षांनी "बोला, सदस्य" म्हणावे, वहिनी म्हणू नये, आणि मी गल्लीचे बोलत राहावे, हे भाजी चिरताना कितीदा मनात घोळवले आहे. अजूनही घोळवते.

३. टेंपो व सर्व खुर्च्या मुलाला. मुलगा गुणी आहे, पण बायकोच्या उभे राहण्याचा विषय निघाला की "आधी घर बघू दे तिला" म्हणतो. घर पळून जात नाही. ती औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहते तेव्हा घर कोण बघते, ते त्याने सांगावे. बायको निवडून आली तर त्याने तिच्या खुर्चीत बसू नये. आपल्याकडे खुर्च्यांना तोटा नाही.

आणि तिला बोलता येत नाही, हे मला ऐकवू नये. गल्लीतल्या नळाला गटाराचे पाणी आले तेव्हा ती बाटली भरून पाणीखात्यात गेली होती. मी बरोबर होते. साहेबांच्या टेबलावर बाटली ठेवून म्हणाली, "साहेब, घोटभर प्या. तुम्ही प्यालात की आम्ही निघतो." साहेबांनी बाटलीकडे पाहिले आणि फोन उचलला. घरी येताना ही मलाच विचारते, "आई, मी फार बोलले का हो?"

४. भाऊंना तो जुना माइक द्यावा, जो तोंडाजवळ नेला की किंचाळतो. गल्लीत दिवे त्यांनी नंतर लावले, हे मान्य. त्या उद्घाटनालाही माइक मीच लावला होता आणि एक, दोन, तीन म्हणून गप्प बसले होते.

५. बँकेतली शिल्लक मुलगा व सून यांनी निम्मी निम्मी घ्यावी. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

६. माझ्यामागे शोकसभा कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत घ्यावी. बायकांची सभा म्हटले की पालिका परवानगीसाठी हेलपाटे घालायला लावते. शोकसभेला कोणी नाही म्हणत नाही. पुरुषांनी उभे राहून श्रद्धांजली वाहावी आणि खाली बसावे. बोलायचे ते बायकांनी. ज्या बायका नळावर तासभर बोलतात आणि माइक दिसला की एकमेकींना पुढे ढकलतात, त्यांनीसुद्धा. माझ्याविषयी एक अक्षर नको. मी प्रेमळ होते वगैरे तर मुळीच नको, कोणाला खरे वाटणार नाही. नळाविषयी बोला, कचऱ्याविषयी, दवाखान्याला लागलेल्या कुलपाविषयी बोला. शेवटी सुनेने बोलावे. ते ऐकायला मी नसेन, याचे वाईट वाटते. मरणाचे तितके नाही.

पुरवणी : वकीलबाई हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत होत्या तेव्हा सून कामावरून आली आणि दारातच ऐकत उभी राहिली. वाचून संपल्यावर म्हणाली, "आई, बायकांनी बोलायला तुम्ही मरायलाच पाहिजे का?" आणि लगेच म्हणाली, "येत्या रविवारी घेऊ सभा. परवानगी मी आणते, कशी देत नाहीत ते बघते. तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसा." सबब कलम सहा मी माझ्या हाताने खोडले आहे व त्या जागी साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत. रविवारपर्यंत मी राहावे, हे कोणत्या कलमात घालायचे ते वकीलबाईंनाही सांगता आले नाही.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) शेजारच्या शिंपीणबाई

स्थळ : राहते घर, खालची खोली
दिनांक : १२ जानेवारी, सोमवार