चाकणचा नवा दगड

३ फेब्रुवारी
आले एकदाची चाकणला! भूवैज्ञानिक म्हणून पहिली नोकरी, भोसरीत हवेशीर खोली, आणखी काय हवं? गोदामाच्या पायासाठी जमीन तपासायची आहे. जागा म्हणजे कारखान्यांच्या राडारोड्यानं भरलेली जुनी दगडखाण. शेजारी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. बोअरिंगवाले ज्योतीराम बीडचे. चहा पाजून हसत म्हणाले, “म्याडम, इथं खाली नुसता उकिरडा हाय.”

५ फेब्रुवारी
नळीतून पहिला नमुना निघाला. काळाकरडा, बेसाल्टइतका घट्ट. त्यात भट्टीची वाळू, तारा, वितळलेल्या पिशव्या, कोंबडीची हाडं, सगळं एकजीव. आपण संपल्यावर लाखो वर्षं उरणारा आपला थर हाच. मी हरखून फोटो काढले. पण हा भराव तर माझ्या जन्मानंतरचा. इतक्यात त्याचा दगड कसा झाला?

७ फेब्रुवारी
परवाचं भोक बुजलंय. दगडानं. कडेला ठेवलेलं फावडं दांड्यापर्यंत आत. पहारीनं ठोकलं तर ठिणगी उडाली. आमचे साहेब उद्धवराव, त्यांना कळवलं. ते म्हणाले, अहवालात ‘कठीण खडक’ लिहा, पाया स्वस्तात होईल. मी नाही म्हणाले.

८ फेब्रुवारी
थर वर येतोय. कुंपणाचे खांब निम्मे गिळले. एक कुत्रंही. शेपटी तेवढी बाहेर, करडी, थंड. ज्योतीराम मशीन टाकून गावी निघाले. मलाही चला म्हणाले. पण खोल्यांमध्ये बायकापोरं आहेत. थांबले.

९ फेब्रुवारी, दुपार
उद्धवराव फोनवर ओरडले, अफवा पसरवाल तर नोकरी जाईल. जाऊ दे. दारं ठोठावत फिरले. कुणी हलेना. मग पहिल्या खोलीतल्या इंदुताई उंबऱ्यापाशी ठेवलेली घागर उचलायला गेल्या. निघेना. बूड दगडात. त्या किंचाळल्या, तेव्हा सगळे पळाले.

नंतर
खोल्या रिकाम्या. शेवटचं म्हातारं माणूस रस्त्यापलीकडे पोचवलं, वळले — बूट दगडातून सुटेना. आता गुडघा. इंदुताई माझ्याकडे धावत होत्या. ओरडून थांबवलं — कुणी येऊ नका —

भीती वाटतेय. खूप. पण माणसं वाचली. त्यातलं एकही तुला मिळालं नाही, दगडा —

कंबर. थंड —

लिहिता हात मोकळा. दुसऱ्या हाताची मूठ वर धरलीय. आडवी मिळणार नाही मी तुला. उभीच राह—