वीस दुकानांची मंदी

ता. ४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
टिंब्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तुझ्या शिवणाच्या दुकानाचा सरकारी फॉर्म एकाच दिवशी मिळाले. पत्र घरी, फॉर्म कचेरीत. पत्रात तू लिहितेस, की गिऱ्हाईक आवरत नाही, दोन मुली नव्यानं कामाला ठेवल्या, आणि लोकांची पोटं अशी सुटली आहेत, की एका आठवड्यात सत्तावीस पँटी कमरेत सैल करून दिल्यास. फॉर्मात मात्र 'गेल्या महिन्याच्या मानाने धंदा कसा आहे?' या प्रश्नापुढे 'बिघडला' या शब्दावर खूण केली आहेस, तीही अशी दाबून, की कागदाला भोक पडलं.

आत्या, मंदी मोजायला पूर्वी देशातली दोन हजार दुकानं निवडत. पुढे मंदीमुळे मंदी मोजायच्या खर्चालाच कात्री लागली. आता वीस दुकानं उरली, त्यांत एक तुझं. अर्ध्याहून जास्त दुकानांनी 'सुधारला' म्हटलं, तर मंत्री अर्थसंकल्पात मंदी संपल्याचं जाहीर करणार आणि नोकरभरतीवरची बंदी उठणार. नाहीतर ३१ मार्चला आम्हा हंगामी लोकांना नारळ मिळणार. सध्या दहा सुधारले, दहा बिघडले असं आहे. मी तीन वर्षं बिनपाठीच्या स्टुलावर काढली. इथे पाठीची खुर्ची फक्त कायम नोकरांना देतात. गेले चार दिवस मला जेवण जात नाही.

पुढची ओळ सरकारी आहे, म्हणून 'आपण' म्हणतो. आपण आपले उत्तर पुन्हा तपासून नव्या फॉर्मावर कळवावे. (नियम सोळाप्रमाणे शंका आली तर असं विचारता येतं. मी नियम दोनदा वाचला.)

लोभ आहेच, तो या महिन्यात तरी घटू देऊ नये.

तुझा,
टिंब्या

ता. ९ फेब्रुवारी

चि. टिंब्यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मला 'आपण' म्हणतोस? लहानपणी शाळेच्या वहीतली अनुस्वाराची टिंबं मोजून झाल्याशिवाय झोपायचा नाहीस, म्हणून मीच तुझं नाव टिंब्या ठेवलं, आणि तो तू आता मला नियम सोळा दाखवतोस!

अरे, दुकानात बसून धंदा बरा आहे असं कुणी म्हणतं का? म्हटलं, की मालक भाडं वाढवतो, गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि मुली पगारवाढ मागतात. समोरच्या चपलावाल्यानं वीस वर्षांत एकदाही बरं चाललंय म्हटलेलं नाही. तेवढ्यात तीन मजली घर बांधलं मेल्यानं! मी विचारलं, तर म्हणाला, काय सांगू ताई, दिवस कसेबसे ढकलतोय.

पण तू जेवत नाहीस हे वाचून माझाही घास अडला. म्हणून नव्या फॉर्मावर 'सुधारला' केलं आहे. खाली 'कारण' असा रकाना होता. कुठलाही रकाना कोरा सोडू नये असं तूच बजावतोस, म्हणून तोही भरला. आता जेव.

तुझी,
आत्या

ता. २७ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी सांगतो, मी जेवलो.

कारणाच्या रकान्यात तू लिहिलंस, 'भाच्याची नोकरी पक्की व्हावी म्हणून'. तेही पेन्सिलीनं. अकरा तारखेला मी रबर हातात घेऊन इतका वेळ बसलो, की शिपायानं मला बरं वाटतंय ना असं विचारलं. ती ओळ खोडली असती, तर अकरा विरुद्ध नऊ होऊन काम झालं असतं. पण मला खोडवेना. फॉर्म घेऊन साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, ही बाई किती दिवसांपासून तुमची आत्या आहे? मी म्हणालो, जन्मापासून.

नोकराच्या नातलगाचं दुकान यादीत चालत नाही म्हणे. साहेबांनी तुझ्या नावावर लाल रेघ मारली. मला वाटलं, आता माझ्यावरही मारतात. मग त्यांनी उरलेले फॉर्म मोजले. दहा सुधारले, नऊ बिघडले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मला मोजायला लावले. एकोणिसात दहा म्हणजे अर्ध्याहून जास्त! साहेब चष्मा टेबलावरच विसरून मंत्र्यांच्या कचेरीकडे धावले.

काल मंत्र्यांनी जाहीर केलं, की सरकारच्या धोरणांमुळे मंदी संपली. आत्या, ती तुला वगळल्यामुळे संपली, हे फक्त साहेबांना, मला आणि आता तुला माहीत आहे. नातं लपवल्याबद्दलची कानउघाडणी आणि कायम केल्याचा हुकूम मला एकाच लिफाफ्यात मिळाला. खुर्चीला पाठ आहे. टेकायची सवय नाही, म्हणून अजून ताठच बसतो.

रागावली नसशील, तर माया पूर्वीइतकीच ठेव.

तुझा कायम,
टिंब्या

ता. ३ मार्च

चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

नोकरीचं वाचून डोळे भरून आले. मग पुढचं कळलं आणि डोकं तापलं. म्हणजे मी एकटी देशाच्या आड येत होते? मला काढल्याबरोबर देश सुधारला? चपलावाला यादीत आहे की नाही ते आधी बघ!

मंत्र्यांना खरमरीत पत्र लिहिणार होते, पण सकाळपासून दारात रांग आहे, मान वर करायला फुरसत नाही. तूच लिही, तुझं शुद्धलेखन चांगलं आहे. म्हणावं, मंदी अजून आहे आणि या बाईचा धंदा पार बसला आहे. मात्र उत्तर घेऊन कुणाला इकडे पाठवणार असतील, तर दुपारी दोन ते तीनमध्ये पाठवा म्हणावं. तेवढाच वेळ दुकान रिकामं असतं.

तुझ्यावर पूर्वीइतकीच माया असलेली, पण रागावलेली,
आत्या